मेणावरचे दात

“हे आता मी सांगतोय ना, ते तुम्ही कुणी खरं मानणार नाही. मानूच नका,” गठ्ठेनाना सुतळीचा वेढा बोटाभोवती घेत म्हणाले, “पण आपल्या तिकडच्या सरांचा जो कुत्रा आहे, तो नक्कल केलेला स्वाध्याय नुसत्या वासावरून ओळखतो. इथला गठ्ठा पोचला, की आधी कुत्र्यापुढे. ज्याच्यावर भुंकला, त्याला शून्य.”

“आणि नाही भुंकला तर?” मावशीने झाडू थांबवून विचारलं.

“तर मग सर वाचतात.”

“बघा! तिकडे कुत्र्यालासुद्धा कळतं. आमच्या कॉलेजातले तर चष्मा लावूनही ओळखत नाहीत.”

कवळीबाई हसल्या. त्या हसल्या की तोंडावर हात नेत. दिवसभर लोकांच्या दातांत डोकं घालणारी ही बाई स्वतःचे दात मात्र कुणाला दाखवत नसे. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत शेवटचा प्रकल्प, आणि पिशवीच्या तोंडावर घट्ट मूठ, अशा त्या उंच स्टुलावर अर्ध्या तासापासून बसल्या होत्या. आणि नाना अर्ध्या तासापासून त्यांना कुत्र्याच्या गोष्टी सांगत होते. कारण आज त्यांना सरांना मारायचं होतं, आणि ते जमत नव्हतं.

मुक्त विद्यापीठाचं हे अभ्यासकेंद्र म्हणजे कॉलेजने टाकून दिलेली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. लांबलचक ओटे, ओट्यांत बारा बेसिनं, बाराही नळ कोरडे. नानांनी पहिल्याच वर्षी बेसिनांना नंबर घातले आणि त्यांचीच कपाटं केली. एक नंबरात प्रवेशअर्ज, चार नंबरात पावत्या, नऊ नंबरात सुतळी आणि लाख. कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक ढिगावर एकेक बरणी, आणि बरणीत कुठे बेडूक, कुठे पाल. चौकशीला आलेला माणूस पालीच्या बरणीखालून आपला अर्ज काढताना बघून गांगरला, की नाना म्हणत, “घाबरू नका, ती कधीच उत्तीर्ण झाली.”

भिंतीवर कराराचा फोटो होता. दोन देशांतल्या दोन मुक्त विद्यापीठांचे कुलगुरू हस्तांदोलन करताहेत, मध्ये टेबलावर दोन चिमुकले झेंडे. खिडकीतल्या उन्हाने फोटोतले चेहरे केव्हाच खाऊन टाकले होते, नुसते हात उरले होते. कुणाच्या हातात कुणाचा हात आहे, हे आता सांगता येत नव्हतं.

योजना मोठी नामी होती. कारागिरांना शिक्षक बनवणारी पदवी. फिटर, शिंपी, सुतार, कवळ्या करणारे, ज्यांच्या हातात वीस-पंचवीस वर्षांचं कसब आहे पण कागद नाही, त्यांनी घरबसल्या शिकायचं आणि तंत्रशाळेत शिकवायला लागायचं. पुस्तकं तिकडची, भाषांतर इकडचं. लिहिलेले स्वाध्याय दरमहा गठ्ठा बांधून समुद्रापलीकडे जायचे, तिकडचे सर ते तपासून शेरे लिहायचे, इथला अनुवादक त्या शेऱ्यांचं भाषांतर करून खाली ‘भाषांतर बरोबर आहे’ असा शिक्का मारायचा. शेवटी पदवीच्या कागदावर दोन्ही विद्यापीठांच्या मुद्रा. विद्यार्थ्याने सरांशी थेट पत्रव्यवहार करायचा नाही, सगळं केंद्रामार्फत, असं करारातच लिहिलेलं होतं. आणि केंद्र म्हणजे शेवटी कोण, तर नाना. अनुवादकाची जागा रिकामी झाली ती कुणी भरलीच नाही. शिक्का नानांच्या खणात आला, आणि शब्दकोश हाताशी घेऊन भाषांतरही तेच करू लागले.

खरे सर होते. त्यात खोटं नाही. पहिली काही वर्षं त्यांचे शेरे येत. जेमतेम दोन शब्द आणि एक आकडा. ‘ठीक. ६२.’ ‘बरे. ५८.’ इतकंच. नाना ते भाषांतर करून, शिक्का मारून देत, आणि कवळीबाई तो कागद उलटून मागे काही आहे का ते बघत.

“नाना, सर वाचतात तरी का हो?”

“अहो ताई, मोठी माणसं कमीच बोलतात.”

“मग आमच्या दवाखान्याचे मालक फार लहान असणार,” बाई म्हणत आणि कागद घडी करून ठेवून देत.

मग तीन वर्षांपूर्वी ते पत्र आलं. तिकडच्या विद्यापीठाने हा विभागच मिटवला होता. यापुढे स्वाध्याय पाठवू नयेत. जे विद्यार्थी आज शिकत आहेत, त्यांनी सोबतचा अर्ज सहा महिन्यांच्या आत भरून दिल्यास त्यांना तिथल्याच दुसऱ्या अभ्यासक्रमात घेतलं जाईल, आतापर्यंतचे गुण धरले जातील. मुदतीनंतर काहीही करता येणार नाही. सोबत अकरा कोरे अर्ज, अकरा विद्यार्थ्यांसाठी.

नानांनी पत्र संचालकांपुढे ठेवलं. संचालक म्हणाले, “थांबा जरा. वरच्या पातळीवर बोलणी चालू आहेत. उगाच विद्यार्थ्यांत घबराट नको.” नाना थांबले. थांबायचं म्हटलं की नानांच्या तोडीचा माणूस सापडणार नाही. उभी नोकरी त्यांनी वरून काही तरी येईल या भरवशावर काढली होती. महिन्याभरात संचालकांची बदली झाली. त्यांच्या जागी जे आले ते फक्त सहीपुरते, तेही सही दुसऱ्या गावाहून पाठवत. ते पत्र आणि अकरा अर्ज सात नंबरच्या बेसिनात बेडकाच्या बरणीखाली होते. रोज सकाळी नाना सात नंबरकडे बघत आणि मनाशी म्हणत, आज येईल आदेश. एके सकाळी कॅलेंडर उलटताना त्यांच्या लक्षात आलं, की सहा महिने होऊन नऊ दिवस झाले आहेत.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण सांगितलंही नाही.

अकरांतले दहा जण त्याच्या पुढेमागे आपापल्या कारणांनी गळाले. कुणाची बदली, कुणाचं आजारपण, कुणाला कंटाळा. एकेकाने येणं थांबवलं की नानांना हायसं वाटे, आणि हायसं वाटल्याची लाज वाटे. गळल्या नाहीत त्या कवळीबाई. त्या दर महिन्याला, ठरल्या रविवारी, ठरल्या वेळी, स्वाध्याय घेऊन हजर.

“मागच्याचा शेरा आला का?”

दोन महिने नानांनी टपालाच्या नावाने खडे फोडले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी टाइपरायटरवर कागद चढवला आणि लिहिलं, ‘ठीक. ६२.’ खाली शिक्का मारला. बाईंनी सवयीने कागद उलटून पाहिला, आणि मागे काहीच नाही हे बघून त्यांचा चेहरा असा काही पडला, की पुढच्या खेपेला नानांच्या हातून तीन ओळी लिहिल्या गेल्या. त्याच्या पुढच्या खेपेला पान भरलं.

उगाच भरलं नाही. नानांनी गोदामातून अभ्यासक्रमाची सगळी पुस्तकं काढली आणि रविवारी केंद्र बंद झालं की बेडकाशेजारी बसून वाचली. शिकणाऱ्याची चूक कुठे पकडायची आणि कुठे सोडून द्यायची, प्रश्न कसा विचारायचा, फळ्यापुढे कसं उभं राहायचं. एकदा त्यांना बाईंचा स्वाध्याय खरोखरच उथळ वाटला. त्यांनी अठ्ठेचाळीस गुण दिले आणि दीड पान झाडलं. बाईंनी तो पुन्हा लिहिला, आणि असा लिहिला की नानांनी तो दोनदा वाचला.

“सर बदललेत हो,” बाई म्हणाल्या होत्या. “आता मनापासून लिहितात. पूर्वी वाटायचं भिंतीशी बोलतेय.”

मग नाना सरांच्या गोष्टी रचू लागले. नानांनी सरांना घर दिलं. घराला बर्फ दिला, खिडकीपर्यंत चढणारा. बर्फातून सायकल हाणत टपाल आणायला जाणारे सर, सरांची चिडकी बायको, सरांचा कुत्रा. रविवारी सांगायला काही तरी लागतंच. आणि असंच रंगात येऊन एकदा शेऱ्याच्या तळाशी नानांनी लिहून टाकलं, ‘तुमच्या कामाविषयी वाचताना माझ्या खालच्या कवळीची आठवण झाली. शिकवताना ती टकटक वाजते आणि मुलं हसतात.’

हा मात्र घोटाळा झाला. पुढच्या खेपेला बाईंनी स्वाध्यायाबरोबर एक सपाट डबी आणली. डबीत गुलाबी मेणाची पट्टी, घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली, आणि चिठ्ठी: ‘कोमट पाण्यात मऊ करून, कवळी तोंडात असताना एकदाच नीट चावावे. मग गार पाण्यात टाकून परत पाठवावे.’

“नुसत्या चाव्यावरून नवी कवळी होत नाही,” बाईंनी नानांना समजावलं, “पण टकटक कशाने होते ते मला कळेल. इतकं शिकवलंय त्यांनी. माझ्याकडून एवढं तरी.”

ती डबी दोन महिने नऊ नंबरात सुतळीखाली पडून होती. आज सकाळी बाई यायच्या आधी नानांनी ती काढली. चहाच्या पेल्यात कोमट पाणी घेतलं, पट्टी बुडवली, दोन्ही बाजूंना बघून तोंडात घातली आणि डोळे मिटून चावली.

“नाना, मेण खाताय?” मावशी बादली घेऊन दारात उभी होती.

“औषध आहे,” नाना मेणासकट म्हणाले.

“मेणबत्ती चावून बरा झालेला माणूस मी तरी बघितला नाही,” असं म्हणून मावशी ओटे पुसायला लागली होती.

तेव्हा आजचा बेत असा होता. येत्या शनिवारी नाना निवृत्त होणार. सोमवारी कुणी तरी नवा माणूस येऊन बेसिनं उपसणार, आणि बेडकाखालचं पत्र त्याच्या हाती लागणार. त्याआधी सगळं मिटवायचं. नानांनी आठवडाभर विचार केला होता. खरं सांगायचं तर ‘अर्ज माझ्या बेसिनात पडून राहिले’ असं म्हणावं लागेल. ते वाक्य त्यांनी आरशापुढे उभं राहून म्हणून पाहिलं, दोनदा, आणि दोन्ही वेळा ते निम्म्यावर तुटलं. त्यापेक्षा सर गेले तर? सर गेले, सरांबरोबर विभाग बंद झाला, करार संपला. मरणापुढे कुणाचं काय चालतं? बाई रडतील, चिडतील, पण मरणावर चिडतील. नानांवर नाही.

“नाना,” बाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली. “कुत्रा पुरे आता. हा घ्या.”

प्रकल्प एकशे बारा पानांचा होता, कडा दाबून सरळ केलेल्या. वर नीट अक्षरात नाव: ‘हाताला येतं ते दुसऱ्याच्या हाताला कसं द्यावं.’

“सरांच्या शेऱ्यातलंच वाक्य आहे ते,” बाई म्हणाल्या. “मी नाव म्हणून घेतलं. चालेल ना?”

नानांना ते वाक्य कुठल्या रविवारी लिहिलं तेही आठवत होतं. “चालेल की,” ते म्हणाले.

“आता पदवीचा अर्ज कधी भरायचा? तंत्रशाळेतली जागा अजून आहे, पण त्यांना वर्षअखेरच्या आत कागद हवाय. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही.” बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “आणि खरं सांगू? डोळे गेलेत माझे. मेणावर एक रेघ ओढली की दोन दिसतात. मालकांना अजून कळलेलं नाही. मुलगी म्हणते, आई, तू माझ्या आधी पदवी घेणार होतीस, माझी होऊन दोन वर्षं झाली!”

“पोरांना काय,” मावशी म्हणाली, “जीभ फुकटची असते. पेढ्याबिढ्याचं आमचं लक्षात ठेवा, बाई.”

“तुम्हाला पहिला,” बाई म्हणाल्या. मग जरा संकोचून, “नाना, ती डबी आली का हो परत? सरांनी चावली?”

“आली तर! कालच्याच टपालाने.” नानांनी लाखेने बंद केलेलं पाकीट पुढे केलं. पाकिटावर जुनी परदेशी तिकिटं होती, वाफ देऊन सोडवलेली आणि नव्याने डकवलेली. यात नानांचा हात बसलेला होता.

बाईंनी पाकीट फोडलं, डबी उघडली आणि पट्टी दोन बोटांनी उचलून खिडकीशी नेली. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ती अगदी डोळ्याजवळ धरली. हळूच उलटली. अंगठ्याने एकेक खळगा चाचपला, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा.

हीच वेळ, असं नानांना वाटलं. पाठ वळलेली आहे तोवर.

“ताई, एक वाईट बातमी आहे.”

बाई वळल्या नाहीत.

“सर गेले.” नाना एकदा सुटले की सुटलेच. “हे पाकीट त्यांच्या हातचं शेवटचं. काय सांगू तुम्हाला! बर्फ इतका पडला होता की दार उघडेना. पण तुमची डबी टपालात टाकायची म्हणून सर खिडकीतून उतरले. सायकल काढली. टपालघरापर्यंत पोचले, पाकीट टाकलं, आणि तिथेच पायरीवर बसले ते बसलेच. विद्यापीठाने झेंडा अर्ध्यावर आणला. कुत्रा तीन दिवस जेवला नाही. आणि त्यांच्यामागे दुसरा कुणी नाही म्हणून तो विभागच त्यांनी बंद केला. करारही संपला. आता या पदवीचं कसं काय... म्हणजे कुणाच्याच हातात काही...”

मावशीने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

“कधी गेले?” बाईंनी विचारलं.

“तीन आठवडे झाले.”

“खालची कवळी पूर्ण होती ना त्यांची? सगळे दात खोटे?”

नाना गडबडले. एवढ्या मोठ्या मरणानंतर हा प्रश्न येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. “पूर्ण! अख्खी. खाली एक दात स्वतःचा नव्हता. तेच तर त्यांचं दुःख.”

“आणि तोंडात घालूनच चावलं?”

“अर्थात. तुम्ही लिहिलं होतंत तसंच. सर शिस्तीचे.”

बाई खिडकीपासून ओट्याशी आल्या. पट्टी त्यांच्या तळहातावर होती. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. कामावर असताना दिसत असतील तशा दिसत होत्या.

“नाना, मी सव्वीस वर्षं दात बसवतेय,” त्या म्हणाल्या. “कवळीतले दात एका ओळीत असतात, सारखे. आम्ही ते साच्यातून काढतो. आडवा दात कवळीत कुणी बसवत नाही. तुटका बसवत नाही. मध्ये एक जागा रिकामी कुणी सोडत नाही.” त्यांनी पट्टीच्या खालच्या बाजूवर बोट ठेवलं. “हा बघा आडवा. हा तुटका. आणि उजवीकडे ही जागा रिकामी.”

नानांची जीभ आपोआप उजवीकडे गेली.

तिने तिथे जाऊन काय करायचं होतं कुणास ठाऊक, पण गाल हलला आणि बाईंनी तो हललेला पाहिला.

“सर म्हातारे, ताई... तिकडच्या कवळ्या वेगळ्या... तिकडे मुद्दाम असं करतात, खरं वाटावं म्हणून...”

“नाना, आ करा.”

“काय?”

“आ करा.”

हा आवाज दवाखान्यातल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला सांगतानाचा होता, आणि त्यापुढे कुणाचं काही चालत नसावं. नानांनी तोंड उघडलं. बाईंनी एका हाताने त्यांची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने पट्टी आत सरकवली, अंगठ्याने जरा इकडे, जरा तिकडे. मग हनुवटी वर दाबली.

बसलं. आडवा आडव्यात गेला, तुटका तुटक्यात, आणि मोकळ्या जागेत मेणाची कड तशीच राहिली. एकही दात बाहेर राहिला नाही.

जन्मात पहिल्यांदा नानांच्या तोंडाला बोलायला जागा उरली नव्हती. ते स्टुलाला धरून मेण चावून उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थेट हनुवटीवरून बाईंच्या बोटांवर गेलं. बाईंनी हात काढून घेतला. ओट्यावरचा एकशे बारा पानांचा प्रकल्प उचलला, त्याच्या कडा दोन्ही हातांनी सरळ केल्या, आणि तो होता तसा पिशवीत ठेवला.

“सर गेले नाहीत, नाना,” त्या म्हणाल्या. “गेले असते तर मी रडले असते. हा चावा तुमचा आहे. आणि शेरेही तुमचेच.”